डोंगराचं वजन कोण पेलतं? भूकवचाच्या समतोलाचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा: हिमालय, तिबेटचं पठार, सह्याद्री यांचं एवढं वजन अंगावर असताना भूकवच खचत का नाही? हा समतोल म्हणजे समस्थायित्व नेमकं कसं राखलं जातं? साडेसहा कोटी वर्षं झिजूनही सह्याद्री सपाट का झाला नाही? आणि कोयनेसारख्या धरणाच्या पाण्याने हा समतोल बिघडतो का?

या सगळ्यांचं उत्तर देण्याआधी दोन गोष्टी विचारायला हव्यात: वजन किती रुंद आहे, आणि ते किती काळ तिथे आहे? शेकडो किलोमीटर रुंद आणि हजारो वर्षं टिकलेलं वजन कवचाखालचं प्रावरण पेलतं, म्हणजे कवच त्यात तरंगतं. त्याहून लहान वजन शिलावरण, म्हणजे कवच आणि प्रावरणाचा वरचा ताठ भाग मिळून झालेला थर, आपल्या ताठपणावर पेलतं, आणि तिथे समस्थायित्वाचा फारसा संबंध येत नाही. समस्थायित्वाविषयी जे गैरसमज ऐकू येतात, त्यांतले बहुतेक या दोहोंची सरमिसळ झाल्याने होतात.

ओळंब्याचा हट्ट

या विषयाचा सगळ्यात चांगला पुरावा भारतातच मिळाला. एकोणिसाव्या शतकात भारताची त्रिकोणमितीय मोजणी चालू होती. विल्यम लॅम्टनने १८०२ मध्ये ती सुरू केली आणि पुढे जॉर्ज एव्हरेस्टने उत्तरेकडे नेली. तिच्यातली दोन ठाणी आपल्या कामाची आहेत: मुझफ्फरनगरजवळचं कल्याणा आणि माळव्यात सिरोंजजवळचं कल्याणपूर. दोन्ही जवळपास एकाच रेखावृत्तावर असून त्यांच्यात सुमारे ६०० किमी अंतर आहे. दोहोंच्या अक्षांशांतला फरक दोन वेगवेगळ्या पद्धतींनी काढला गेला. जमिनीवरच्या त्रिकोणांवरून तो ५ अंश २३ मिनिटं ४२.२९४ सेकंद आला, तर ताऱ्यांच्या वेधांवरून ५ अंश २३ मिनिटं ३७.०५८ सेकंद. म्हणजे ५.२३६ सेकंदांची तफावत. अक्षांशाचा एक सेकंद जमिनीवर साधारण ३१ मीटर भरतो, त्यामुळे तफावत १६० मीटरच्या आसपास जाते. त्या काळच्या काटेकोर मोजणीत एवढी चूक बसत नव्हती. एव्हरेस्टने मात्र ती मोजणीतली साठत गेलेली चूक धरली आणि साखळीवर वाटून टाकली.

वेध घेताना यंत्र ओळंब्याला लावून सरळ करतात. जवळ मोठा डोंगर असेल तर ओळंबा त्याच्याकडे किंचित ओढला जातो. कल्याणा हिमालयाच्या जास्त जवळ, म्हणून तिथला ओळंबा उत्तरेला जास्त ओढला जाणार. मग तिथला खमध्य, म्हणजे आकाशातला बरोबर डोक्यावरचा बिंदू, दक्षिणेला सरकतो, ठाण्याचा अक्षांश कमी भरतो आणि फरकही कमी येतो. तफावतीची दिशा अगदी अशीच होती. कलकत्त्याचे आर्चडीकन जॉन प्रॅट यांनी हिमालय आणि तिबेट यांचं वस्तुमान धरून हिशेब केला. कल्याणाला २७.८५३ सेकंद ओढ यायला हवी होती आणि कल्याणपूरला ११.९६८. फरक १५.८८५ सेकंद. प्रत्यक्षात मिळाले ५.२३६, म्हणजे अपेक्षेच्या एक तृतीयांश.

डोंगर डोळ्यांना दिसतो तेवढा ओळंब्याला जाणवत नाही, तर त्याच्या खाली कुठेतरी वस्तुमान कमी असलं पाहिजे. इथवर सगळ्यांचं एकमत होतं. ते कुठे आणि कसं कमी आहे, यावर मात्र दोन मतं झाली. ब्रिटनचे राजज्योतिषी जॉर्ज एअरी यांनी १८५५ मध्येच म्हटलं की हलकं कवच जड थरावर तरंगतं. त्यांचा दाखला पाण्यावर तरंगणाऱ्या ओंडक्यांचा होता: जो ओंडका वर जास्त निघालेला, तो खालीही जास्त बुडालेला. प्रॅट यांनी १८५९ मध्ये दुसरी बाजू मांडली. तळ सगळीकडे एकाच खोलीवर आहे, आणि जिथे खडक हलका तिथे स्तंभ उंच. आज दोन्ही लागतात, पण वेगवेगळ्या जागी.

एअरीचा हिशेब हाताने

कवचाची घनता २.८ आणि प्रावरणाची ३.३ ग्रॅम प्रति घन सेंमी धरा. डोंगराखाली प्रावरणात बुडालेल्या कवचाच्या भागाला मूळ म्हणतात. त्याची खोली काढायला उंचीला कवचाच्या घनतेने गुणायचं आणि दोन घनतांमधल्या फरकाने भागायचं. २.८ भागिले ०.५ म्हणजे ५.६. म्हणजे एक किलोमीटर उंच पठाराखाली ५.६ किमी मूळ.

तिबेटची सरासरी उंची सुमारे ५ किमी आहे. मूळ आलं २८ किमी. समुद्रसपाटीवरच्या नेहमीच्या कवचाची जाडी ३५ किमी धरली तर एकूण ३५ अधिक ५ अधिक २८, म्हणजे ६८ किमी. भूकंपलहरींवरून तिबेटखाली मोहोची, म्हणजे कवच आणि प्रावरण यांच्या सीमेची, खोली जागेनुसार ६५ ते ७५ किमी मिळते. इतक्या साध्या गणितासाठी हे उत्तर चांगलंच म्हणायचं.

पण घनता थोडी बदलून पाहा. कवचाची घनता २.७ धरली तर मूळ २२.५ किमी येतं आणि २.९ धरली तर ३६. एका दशांशाने मूळ सहा ते आठ किमीने हलतं. कारण भागाकारात फरक आहे, आणि तो फरकच लहान आहे. म्हणून एअरीच्या गणितावरून कुणी मोहोची खोली दशांश चिन्हानंतरच्या आकड्यासह सांगत असेल, तर त्याने कोणती घनता धरली ते आधी विचारा. जुन्या तक्त्यांमध्ये २.६७ आणि ३.२७ ही जोडी असते. तिचा गुणक ४.४५ येतो.

समुद्राखाली उलट घडतं. तिथे कवचाची जागा हलक्या पाण्याने घेतलेली असते, म्हणून मूळ वर चढतं. २.६७, ३.२७ आणि पाण्याचे १.०३ घेतले तर पाण्याच्या खोलीच्या सुमारे २.७ पट. समुद्राखालचं कवच फक्त ६-७ किमी जाड का सापडतं, याचा काही अंशी उलगडा इथे होतो.

विद्यार्थ्यांची नेहमीची चूक उंची निवडण्यात होते. कळसूबाई १६४६ मीटर, गुणिले ५.६, म्हणून कळसूबाईखाली ९ किमी मूळ, असा हिशेब मांडला जातो. हे साफ चूक आहे. कळसूबाईचा सुळका काही किलोमीटर रुंद आहे, आणि एवढ्या अरुंद वजनासाठी शिलावरण वाकत नाही. मूळ काढायला कमीत कमी दोन-तीनशे किलोमीटर रुंद पट्ट्याची सरासरी उंची घ्यावी लागते, कोकण आणि समुद्र धरून. ती ५०० मीटर निघाली तर मूळ २.८ किमी. शिखराच्या उंचीवरून मूळ काढू नये, ही गोष्ट परीक्षेच्या गाइडमध्ये ठळक छापायला हवी.

प्रॅटची कल्पना महासागराच्या तळाला चपखल लागते. मध्यसागरी रांगेपाशी तळ तापलेला, म्हणून हलका आणि उंच. दूर जाताना तो थंडावतो, जड होतो आणि खाली बसतो. रांगेवर पाण्याची खोली साधारण २.५ किमी असते. पुढे तळाच्या वयाच्या, म्हणजे दशलक्ष वर्षांच्या, वर्गमुळाला ०.३५ ने गुणून त्यात मिळवत जायचं. ६४ दशलक्ष वर्षांच्या तळावर खोली येते ५.३ किमी. त्याहून बऱ्याच जुन्या तळाला हे सूत्र लागत नाही. तिथे खोली वाढायची थांबते. आणि अरबी समुद्राच्या उत्तर भागात सिंधूने आणून टाकलेल्या गाळाचं वजन आधी वजा करावं लागतं, नाहीतर उत्तर भलतंच येतं.

लहान वजन कोण पेलतं

एअरी आणि प्रॅट दोघांनीही खडकाचे स्तंभ एकमेकांपासून सुटे मानले, जणू प्रत्येक स्तंभ आपापला बुडेल किंवा वर येईल. प्रत्यक्षात शिलावरण हा एकसंध ताठ पत्रा आहे. एका जागी वजन टाकलं की आजूबाजूचा शेकडो किलोमीटरचा भाग मिळून वाकतो. डच भूभौतिकशास्त्रज्ञ व्हेनिंग मेनेझ यांनी पाणबुडीतून समुद्रावर गुरुत्व मोजलं, आणि हा प्रादेशिक वाकण्याचा हिशेब रूढ करण्यात त्यांचा मोठा वाटा आहे.

या पत्र्याचा ताठपणा एका आकड्यात सांगतात: लवचीक जाडी. ती खडकाच्या खऱ्या जाडीएवढी नसते. दीर्घकाळच्या वजनाखाली जेवढा भाग लवचीक राहतो, तेवढीच ती असते. नव्या सागरतळाखाली ती काही किलोमीटर असते, तर जुन्या थंड भूखंडाखाली ४० किमीच्याही वर जाते. आणि ताठपणा या जाडीच्या घनावर अवलंबून असतो. जाडी दुप्पट झाली की ताठपणा आठपट.

लवचीक जाडी २० किमी धरून मोजलं की चित्र असं दिसतं. डोंगर-दरी-डोंगर हे अंतर १०० किमी असेल, तर त्या उंचसखलपणाची मुळाने केलेली भरपाई अर्ध्या टक्क्याहूनही कमी. ३०० किमीला २६ टक्के, ५०० किमीला ७३ टक्के, आणि १००० किमीला ९८ टक्के. जाडी ४० किमी धरली तर ५०० किमीची भरपाई २६ टक्क्यांवर उतरते आणि १००० किमीची ८५ वर. म्हणजे पुरंदर किंवा सिंहगड कवच स्वतःच्या बळावर उचलून धरतं. त्यांच्याखाली वेगळं मूळ नाही. तिबेटखाली मात्र आहे.

हिमालय या दोहोंच्या मधोमध बसतो, म्हणून तो सगळ्यात रंजक. भारतीय पट्ट (शिलावरणाचा भारताखालचा सरकता तुकडा) त्याच्या वजनाखाली वाकून खाली गेला आहे, आणि त्या वाकण्याने पडलेल्या खोलगट भागात गाळ भरून गंगेचं मैदान झालं. पायथ्यालगत गाळाची जाडी काही किलोमीटर आहे, आणि दक्षिणेला विंध्याकडे जाताना ती शून्यावर येते. पुढच्या रांगांचं वजन बऱ्याच अंशी हा वाकलेला पट्ट पेलतो, त्यामुळे तिथे नेमक्या शिखरांखाली एअरीच्या हिशेबाएवढं मूळ सापडत नाही. उलट गंगेच्या मैदानाखाली कवच एअरीच्या अपेक्षेपेक्षा जास्त खाली ढकललेलं आहे. दोन्ही ठिकाणी समतोल आहेच. फक्त तो जागच्या जागी नसून शेजारपाजार धरून आहे.

वेळेचा भाग

प्रावरण घन आहे. भूकंपाच्या आडव्या लहरी त्यातून सहज जातात. पण हजारो वर्षांच्या वजनाखाली तेच प्रावरण वाहतं. त्याची श्यानता, म्हणजे वाहण्याला होणारा विरोध, एकावर एकवीस शून्यं एवढ्या पास्कल-सेकंदांची धरतात. हॅस्केल यांनी १९३५ मध्ये स्कँडिनेव्हियाच्या जमीन-उठावावरून हीच किंमत काढली, आणि सरासरी म्हणून ती अजून चालते.

स्कँडिनेव्हियावर शेवटच्या हिमयुगात दोन-तीन किलोमीटर जाड बर्फ होतं. तीन किलोमीटर बर्फ गुणिले ०.९१७ भागिले ३.३, म्हणजे पूर्ण भरपाईला जमीन ८३० मीटर दबणार. बर्फ वितळून दहा-अकरा हजार वर्षं झाली, तरी जमीन अजून वर येतेच आहे. बोथनियाच्या आखाताच्या उत्तर भागात हा वेग वर्षाला जवळजवळ १ सेंमी आहे. स्वीडनच्या हॉगा कुस्टेन किनाऱ्यावर जुनी समुद्ररेषा आज २८६ मीटर उंचीवर दिसते. अँडर्स सेल्सियस यांनी १७३१ मध्ये ल्यव्हग्रुंड बेटावरच्या एका खडकावर पाण्याच्या पातळीची खूण कोरून ठेवली होती. पाणी त्या खुणेच्या खाली सरकत गेलं. समुद्राचं पाणीच आटतंय असा त्यांचा समज होता. प्रत्यक्षात खडक वर येत होता.

एवढ्या मोठ्या भाराला सावरायला किती वेळ लागतो? तीन हजार किलोमीटर रुंदीच्या भारासाठी साध्या सूत्राने सुमारे ४१०० वर्षं येतात. म्हणजे तेवढ्या काळात उरलेली तूट ३७ टक्क्यांवर येते, पुढच्या तेवढ्याच काळात पुन्हा उरलेल्याच्या ३७ टक्क्यांवर. म्हणून उठाव सुरुवातीला झपाट्याने होतो आणि नंतर रेंगाळतो. आजचा वेग मागे तसाच ताणून कुणी बर्फाची जाडी काढायला गेलं तर फसतं.

प्रावरण सगळीकडे सारखंही नाही. अमेरिकेच्या यूटा राज्यात हिमयुगात बॉनव्हिल नावाचं सरोवर होतं, खोल भागात सुमारे ३०० मीटर. ते आटल्यावर मधल्या बेटांवरच्या जुन्या किनाररेषा काठावरच्या रेषांपेक्षा सुमारे ७० मीटर उंच झाल्या. गिल्बर्ट यांनी १८९० मध्ये हे नकाशावर मांडलं. पूर्ण भरपाई झाली असती तर ३०० मीटर पाण्यासाठी ९० मीटर मिळाले असते. सरोवराची रुंदी पाहता ७० हा आकडा खूपच मोठा आहे. त्याचा अर्थ तिथलं शिलावरण पातळ आणि खालचं प्रावरण तापलेलं, मऊ आहे. तेच सरोवर दख्खनवर असतं तर जमीन त्याच्या कितीतरी कमी वाकली असती.

सह्याद्री झिजूनही उंच का

समजा रुंद प्रदेशावरून एक किलोमीटर जाडीचा बेसाल्ट झिजून गेला. बेसाल्टची घनता २.९. त्याचं वजन उतरलं की खालून प्रावरण आत येतं आणि जमीन २.९ भागिले ३.३ म्हणजे ८८० मीटर वर येते. एक किलोमीटर खडक गेला, पण उंची फक्त १२० मीटरने घटली. या दराने सरासरी उंची एक किलोमीटरने खाली आणायची तर आठ किलोमीटरहून जास्त खडक वाहून जावा लागेल. जुने डोंगर कोट्यवधी वर्षं उभे राहतात ते असे.

आता झीज सपाट न होता दऱ्या कोरत झाली असं धरा. प्रदेशाचा अर्धा भाग एक किलोमीटर खोल दऱ्यांनी पोखरला आणि उरलेले माथे तसेच राहिले. सरासरी झीज ५०० मीटर, उठाव ४४० मीटर. दऱ्यांचे तळ ५६० मीटर खाली गेले, पण माथे ४४० मीटर वर चढले. सरासरी उंची कमी होत असताना शिखरं वाढू शकतात, हे ऐकायला उलटं वाटतं, पण गणित सरळ आहे. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एव्हरेस्टच्या उंचीतले १५ ते ५० मीटर असेच मिळाले असावेत असं मांडलं आहे. सुमारे ८९ हजार वर्षांपूर्वी अरुण नदीच्या खोऱ्यात दुसऱ्या नदीचं पाणी येऊन मिळालं, कोरीव काम वाढलं आणि शेजारची शिखरं उचलली गेली.

सह्याद्रीला हा हिशेब लावताना पत्र्याचा ताठपणा विसरून चालत नाही. घाटाच्या कड्याखालची कोकणपट्टी साधारण ५० किमी रुंद. एवढ्या अरुंद पट्ट्यावरचं वजन उतरलं तर ती एकटीच वर येऊ शकत नाही. लवचीक जाडी २० किमी असेल तर वाकणं किती दूर पसरतं त्याचं मोजमाप ८७ किमी येतं, म्हणून उठाव कड्यापलीकडे पठारावरही पसरतो. कडा वर उचलला जातो आणि पठार पूर्वेला किंचित कलतं. शेजारी मुंबईजवळ बेसाल्टचे थर पश्चिमेकडे झुकलेले दिसतात. त्याला पनवेलचा वाक म्हणतात. कड्याच्या वरच्या अंगाला पाचगणीच्या टेबललँडवरचा जांभा १३०० मीटरच्या वर आहे, तर रत्नागिरीचा जांभ्याचा सडा समुद्रापासून फार उंच नाही. कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते, अरबी समुद्रापासून अवघ्या ६५ किमीवर, आणि तरी पठाराच्या या कलामुळे बंगालच्या उपसागराला जाऊन मिळते. गोदावरीचंही तसंच.

सह्याद्रीची सगळी उंची झिजेच्या उठावाची आहे असं मात्र नाही. लाव्हा वर आला तेव्हा काही शिलारस कवचाच्या बुडाशी गोठला आणि कवच जाड झालं. पश्चिम किनारा फाटताना आणि सेशेल्सचा तुकडा वेगळा होताना फाटीची कड तापून उचलली गेली असणार. यांतलं कुणाचं किती, यावर भूवैज्ञानिकांचे वाद चालू आहेत, आणि ते लवकर मिटतील असं वाटत नाही.

कोयनेचं पाणी

शिवाजीसागरात पूर्ण भरल्यावर साधारण २.८ घन किलोमीटर पाणी असतं आणि ते सुमारे ११५ चौरस किलोमीटरवर पसरतं. सरासरी खोली २४-२५ मीटर. म्हणजे जमिनीवर सरासरी दाब ०.२४ मेगापास्कल, आणि धरणाजवळ खोल पाण्यात एक मेगापास्कलच्या आत. पाच किलोमीटर खोलीवर वरच्या खडकाचाच दाब १३५ मेगापास्कलच्या पुढे असतो. पाण्याचं वजन त्यापुढे काहीच नाही. शिवाय तलाव लांब पण अरुंद, तो वर्षाला भरतो आणि उतरतो. प्रावरण हलायला हजारो वर्षं आणि शेकडो किलोमीटर लागतात. दोन्ही नाहीत, म्हणून समस्थायित्व इथे कामाला लागत नाही. जमीन काही सेंटिमीटर लवचीकपणे दबते, एवढंच. हूव्हर धरणामागच्या लेक मीडमध्ये कोयनेच्या दहापटीहून अधिक पाणी मावतं, आणि तिथेही काही वर्षांत जमीन १५ ते २० सेंमीच दबलेली मोजली गेली.

मग ११ डिसेंबर १९६७ चा ६.३ तीव्रतेचा भूकंप? त्याचं कारण वजनापेक्षा पाण्याच्या दाबात जास्त आहे. भेगांतून पाणी खाली झिरपलं की विभंगाच्या, म्हणजे जिच्यावर खडक सरकतात अशा मोठ्या भेगेच्या, दोन्ही बाजूंना दाबून धरणारा परिणामी दाब घटतो. विभंग आधीच ताणाच्या काठावर असेल तर एवढी घटही पुरते. पावसाळ्यात तलाव भरल्यावर काही काळाने भूकंपांची संख्या वाढते. वारणा जलाशय १९८५ पासून भरू लागल्यावर धक्के त्या बाजूलाही होऊ लागले. ही चिन्हं पाणी झिरपण्याशी जुळतात. कवच असंतुलित होऊन धक्के बसले असं म्हणणाऱ्याने आधी वरचा रुंदीचा आणि वेळेचा हिशेब करून पाहावा.

गुरुत्व मोजून तपासताना काय चुकतं

समतोल आहे की नाही हे शेवटी गुरुत्वमापकाने ठरतं. यंत्र मिलिगॅलचा (गुरुत्व मोजायच्या लहान एककाचा) शंभरावा भाग दाखवतं, पण यंत्राच्या अचूकतेपेक्षा पुढच्या दुरुस्त्या महत्त्वाच्या. दर दोन-तीन तासांनी मूळ ठाण्यावर परत येऊन वाचन घ्यायचं, कारण स्प्रिंग हळूहळू सरकते. चंद्र-सूर्याच्या ओढीने दिवसभरात ०.३ मिलिगॅलपर्यंत फरक पडतो. तो गणिताने काढायचा. पुण्याच्या अक्षांशावर उत्तर-दक्षिण एक किलोमीटर सरकलात तर ०.४९ मिलिगॅलचा फरक येतो, म्हणून ठाण्याची जागा नीट नोंदवायची.

उंचीचा हिशेब सगळ्यात जास्त चुकतो. मीटरमागे ०.३०८६ मिलिगॅल मुक्त हवेची दुरुस्ती (उंचीमुळे घटलेलं गुरुत्व भरून काढायला), आणि ठाण्याखालच्या २.६७ घनतेच्या खडकपट्ट्यासाठी ०.१११९ मिलिगॅल वजा. निव्वळ ०.१९६७. वायुभारमापकावरून घेतलेल्या उंचीत पाच मीटरची चूक झाली की एक मिलिगॅल गेला. आजकाल जीपीएसमुळे दुसरीच भानगड होते. जीपीएस विवृत्ताभावरून, म्हणजे पृथ्वीच्या गुळगुळीत गणिती आकारावरून, उंची देतं, सर्व्हे ऑफ इंडियाची बेंचमार्क सरासरी समुद्रसपाटीवरून. पश्चिम महाराष्ट्रात या दोहोंमध्ये साठ-सत्तर मीटरचा फरक असतो. एकाच सर्वेक्षणात काही ठाण्यांना ही उंची आणि काहींना ती लागली, तर नकाशात १३ मिलिगॅलची खोटी पायरी उमटते, आणि कुणीतरी तिथे विभंग काढून मोकळा होतो.

दख्खनवर २.६७ ही नेहमीची घनता वापरणं हीसुद्धा चूकच. भरीव बेसाल्ट २.९ च्या आसपास असतो, सच्छिद्र थर त्याहून बरेच हलके. ६०० मीटर पठारावर घनतेत ०.२ चा फरक म्हणजे ५ मिलिगॅल. गाभ्याचे (जमिनीत भोक पाडून काढलेल्या खडकाचे) नमुने मिळत असतील तर ते तोलून घनता घ्यावी, आकडा पुस्तकातून उचलू नये.

घाटाच्या कड्यावर भूरूपाची दुरुस्ती टाळली की ठरलेला घोटाळा होतो. वर उभा डोंगर यंत्राला वर ओढतो. खाली मोकळी दरी असेल तर हिशेबात धरलेला खडक तिथे नसतोच. दोन्हींमुळे वाचन कमीच येतं, म्हणून ही दुरुस्ती नेहमी मिळवायची असते. ती साधारण १६७ किमीपर्यंतच्या भूभागासाठी करतात, आणि कोकणाकडच्या बाजूला समुद्राचं पाणी वेगळं धरावं लागतं. न केल्यास कड्याच्या बरोबर खाली गुरुत्वाचा एक खड्डा दिसतो आणि त्याला लोक सह्याद्रीचं मूळ म्हणतात.

शेवटचा टप्पा आकडे वाचण्याचा. मूळ पूर्ण असेल तर बुगे विसंगती (उंची आणि खडकपट्टा या दोन्ही दुरुस्त्यांनंतर उरलेला गुरुत्वाचा फरक) उंचीच्या दर किलोमीटरला साधारण ११२ मिलिगॅलने ऋण जाते. ५६० मीटर उंच पठारावर उणे ६३ च्या आसपास. बुगे विसंगती ऋण दिसली की समतोल बिघडला असं पुष्कळ जण लिहितात. खरं तर पठारावर ती ऋण असणं हीच भरपाईची खूण आहे. मुक्त हवेची विसंगती (खडकपट्टा न धरता फक्त उंचीची दुरुस्ती केल्यावर उरलेला फरक) दोनशे-तीनशे किलोमीटरवर सरासरी काढल्यावर शून्याजवळ आली, तर प्रदेश समतोलात आहे. एकेका ठाण्याचं मूल्य शून्य आहे की नाही याला अर्थ नाही. ते जवळच्या टेकडीवरून आणि खडकाच्या घनतेवरून हलत राहतं.

समस्थायी विसंगती, म्हणजे मुळाचा परिणामही हिशेबात धरून उरलेला फरक, काढल्यावरही काही उरतं, आणि उरलेलं सगळं असंतुलन नसतं. मुंबईच्या किनाऱ्यावर गुरुत्वाचा मोठा उंचवटा आहे. त्याचं कारण कवचात घुसून गोठलेला जड शिलारस मानतात. त्या उंचवट्याची रुंदी शंभर किलोमीटरच्या आतली आहे, म्हणून ते जादा वजन मुंबईखालचं शिलावरण वाकून नव्हे, ताठ राहून पेलतं, आणि त्या आकड्यावरून मुंबई खचते आहे असा निष्कर्ष काढता येत नाही.